अंगणातील घोळ

मृगाच्या दोनचार सरी पडून गेल्या, की शहरातील बागांत माळ्यांची खुरपी चालू लागतात. उन्हाळाभर पाणी घालून जतन केलेली हिरवळ आता आपल्या बळावर वाढू लागलेली असते. परंतु तिच्या जोडीला कोणी न पेरलेल्या, कोणी न बोलावलेल्या अशा कितीतरी वनस्पती जमिनीतून डोके वर काढतात. माळी हिरवळीवर उकिडवा बसतो, खुरप्याच्या टोकाने त्यांना मुळासकट उपटतो आणि बाजूला ढीग रचीत जातो. अशा ढिगाजवळून जाताना एखादी म्हातारी हटकून थांबते.

"दादा, यातला घोळ टाकून देऊ नका. मी नेते."

"न्या की, मावशी. सगळाच ढीग न्या."

"सगळा नेऊन काय करू? घोळच तेवढा हवा."

म्हातारी ढिगाशी बसते आणि निवडू लागते. तिची बोटे भराभर चालतात. लालसर दांड्याची, जाड पानांची झाडे तिच्या पदरात पडतात; बाकीची बाजूला सरतात. मध्येच तशीच जमिनीलगत पसरणारी एक बारीक वेल हाती येते. ती मात्र म्हातारी झटकन दूर टाकते आणि बोटे गवताला पुसते. माळी पाहतच राहतो. त्याच्या लेखी त्या ढिगात एकच वस्तू असते. ती म्हणजे तण. म्हातारीच्या लेखी त्या ढिगात संध्याकाळची भाजी असते, आणि भाजीसारखी दिसणारी पण भाजी नसलेली अशीही एक वनस्पती असते. तिने बोटे का पुसली हे कळण्यासाठी आधी घोळाची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

मराठीत घोळ हा शब्द मोठा घोळ घालणारा आहे. एखाद्या कामात गोंधळ उडाला म्हणजे घोळ झाला असे म्हणतात. समुद्रकाठच्या कोळ्याला घोळ म्हटले की मोठा मासा आठवतो. आणि भाजीवालीच्या टोपलीतील घोळ तो हा. संस्कृतात याला लोणिका म्हणतात. लवण म्हणजे मीठ. पान चावून पाहिले तर आंबटपणाच्या मागून हलकीशी खारट चव येते, तीवरून हे नाव पडले असावे. गुजरातेत त्याला लुणी म्हणतात आणि हिंदी मुलखात तो कुल्फा या नावाने बाजारात येतो. विदर्भात उन्हाळ्यात मिळणारी चिवळाची भाजी ही याच कुळातील, परंतु घोळाहून पुष्कळ नाजूक व बारीक पानांची. बागेतील कुंड्यांतून गुलाबी, केशरी, पिवळ्या फुलांचे ताटवे फुलविणारा चिनी गुलाबही घोळाचा भाऊबंदच होय. एकाला लोक हौसेने विकत घेऊन कुंडीत लावतात, आणि दुसऱ्याला त्याच कुंडीतून उपटून टाकतात!

शास्त्रज्ञांनी मात्र घोळाचा योग्य तो मान ठेवला आहे. वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने रूढ केली. इ. स. १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने घोळाला पोर्चुलाका ओलेरेसिया असे नाव दिले. ओलेरेसिया म्हणजे भाजी म्हणून उपयोगी पडणारी. हाच शब्द त्याने पालकाच्या नावात व कोबीच्या नावातही घातला आहे. म्हणजे लिनियसच्या वहीत घोळ, पालक आणि कोबी एका पंगतीला बसले होते. पुढे कोबी व पालक वाफ्यात गेले, त्यांना खत मिळाले, पाण्याचे पाट मिळाले. घोळ मात्र बहुतेक ठिकाणी वाफ्याबाहेरच राहिला.

घोळ ओळखावयाचा तर प्रथम त्याच्या बसण्याकडे पाहावे. तो उभा राहत नाही, जमिनीवर पसरतो. मधोमध एकच जाड सोटमूळ असते आणि तेथून चहूकडे दांडे निघतात. वरून पाहिले तर चाकाच्या आऱ्या पसराव्यात तसे दिसते. दांडे गोल, गुळगुळीत, तांबूस रंगाचे आणि रसाने भरलेले असतात. त्यांवर लव नसते. बोटाने वाकविला तर दांडा काकडीच्या फोडीप्रमाणे कटकन मोडतो आणि मोडलेल्या जागी स्वच्छ पाण्यासारखा रस दिसतो. ही खूण फार महत्त्वाची आहे.

पाने जाड व मांसल असतात. त्यांचा आकार चिमुकल्या चमच्यासारखा. देठाकडे निमुळता आणि टोकाकडे रुंद व गोलसर. पानांच्या कडा सरळ असतात, त्यांना दाते नसतात. फांदीच्या शेंड्याशी पाने जवळजवळ येऊन त्यांचा झुबका बनतो आणि त्या झुबक्याच्या मध्यभागी फूल येते. फूल पिवळेधमक, बहुधा पाच पाकळ्यांचे आणि करंगळीच्या नखाएवढे लहान असते. ते सकाळी ऊन चढल्यावर उमलते आणि काही तासांतच मिटून जाते. दुपारनंतर घोळ पाहणाऱ्यास याला फुले येतच नाहीत असे वाटल्यास नवल नाही. आभाळ भरून आलेले असेल तर फूल उमलण्याचा आळसही करते. तथापि त्यामुळे बी धरावयाचे राहत नाही.

फूल गळले की त्या जागी फळ धरते, आणि ते फळ म्हणजे निसर्गाच्या कारागिरीचा एक सुंदर नमुना आहे. कुंकवाच्या करंड्याला जसे झाकण असते, तसे या टिचभर फळालाही असते. फळ पिकले की त्याच्याभोवती एक आडवी चीर पडते आणि वरचा अर्धा भाग टोपीसारखा अलगद निघून येतो. आत काळेभोर, चकचकीत, खसखशीहूनही बारीक असे बी भरलेले असते. वाऱ्याची झुळूक आली, मुंगी अंगावरून गेली, पावसाचा थेंब पडला, की करंडा लवंडतो आणि बी सांडते. एका जोमदार झाडाला असे हजारो बी येते. ते सारेच पुढल्या पावसात रुजत नाही. काही बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि खुरप्याने किंवा नांगराने माती वरखाली झाली, त्याला उजेड मिळाला, म्हणजे रुजून वर येते. शेत स्वच्छ केले तरी घोळ कोठून उगवतो हे कोडे त्यामुळे सुटते.

आता त्या म्हातारीने दूर टाकलेल्या वेलीकडे वळू. ती दुधी होती. भोपळ्याच्या जातीतील जी दुधी बाजारात मिळते, तिच्याशी या रानदुधीचा काहीही संबंध नाही. ही दुधी घोळाप्रमाणेच जमिनीवर चाकासारखी पसरते, तिचेही दांडे तांबूस असतात आणि मौज अशी की बरेचदा ती घोळाच्या मांडीला मांडी लावून, एकाच फरशीच्या फटीतून उगवते. नुसत्या रंगावर व पसरण्यावर भरवसा ठेवणारा येथे हमखास फसतो. परंतु दुधीचे दांडे दोऱ्यासारखे बारीक असतात. तिची पाने लहान, पातळ आणि दांड्यावर समोरासमोर जोडीजोडीने आलेली असतात. एवढ्यानेही खात्री पटली नाही तर दांडा मोडून पाहावा. दुधीचा दांडा मोडताच पांढरे दूध पाझरते. या दुधाने काहींच्या त्वचेची आग होते. डोळ्यात गेले तर डोळा चुरचुरतो, आणि पोटात गेले तर मळमळ, उलटी, जुलाब होतात. म्हणून तर म्हातारीने बोटे पुसली. ती शाळेत गेलेली असेल किंवा नसेल. परंतु दांडा मोडून रस पाहावा ही परीक्षा तिला तिच्या आईने शेताच्या बांधावर शिकविलेली असते आणि त्या परीक्षेत ती एकदाही नापास झालेली नसते.

खापरा नावाची आणखी एक वनस्पती घोळाशी साम्य दाखविते. तिची पानेही थोडी जाड असतात आणि दांड्यात दूध नसते. त्यामुळे दुधाची परीक्षा येथे कामी येत नाही. येथे पानांकडे बारकाईने पाहावे लागते. खापऱ्याची पाने समोरासमोर येतात, पण जोडीतील एक पान मोठे व दुसरे लहान असते. देठाच्या बुडाशी पातळ पापुद्र्याचे आवरण असते. आणि फूल पिवळे नसून पांढरे किंवा फिकट गुलाबी असते व ते त्या आवरणात अर्धे दडलेले असते. काही भागांत खापऱ्याचीही कोवळी पाने लोक खातात, परंतु जून पाला पोटास बाधतो. ज्याला तो माहीत नाही त्याने त्याच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे. घोळाची पहिली ओळख एखाद्या जाणत्या माणसाच्या शेजारी बसून करून घ्यावी, आणि ती पक्की होईपर्यंत पान तोंडात घालू नये. पुस्तकातील वर्णन कितीही चांगले असले, तरी ते हातात धरलेल्या झाडाची बरोबरी करू शकत नाही.

घोळाच्या पानात एक अशी गोष्ट चालते की जी जगातील फार थोड्या वनस्पतींना साधली आहे. सर्व हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात. त्यासाठी लागणारा कर्बवायू त्या हवेतून, पानांवरील अतिसूक्ष्म छिद्रांवाटे, आत घेतात. पण छिद्रे उघडली की कर्बवायू आत येतो आणि त्याच वाटेने पानातील पाणी वाफ होऊन बाहेर जाते. भर उन्हात दार उघडावे तर घरातील पाणी संपते. दार लावून घ्यावे तर अन्नाचा पुरवठा बंद होतो. प्रत्येक वनस्पतीपुढे हा पेच असतो.

मका, ज्वारी व ऊस यांनी यातून एक वाट काढली आहे. कर्बवायू चटकन पकडून तो पानाच्या आतील पेशींत एकवटण्याची खास सोय त्यांच्याजवळ असते. त्यामुळे दार थोडेच उघडले तरी त्यांचे काम भागते. निवडुंगाची वाट निराळी आहे. तो दिवसा दारे लावून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू तो आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर, दारे बंद ठेवूनच, त्याचा उपयोग करतो. घोळाची गंमत ही की त्याला दोन्ही रीती अवगत आहेत. पाऊसपाणी मुबलक असते तेव्हा तो ज्वारीच्या रीतीने वागतो आणि झपाट्याने वाढतो; पाणी तुटले की निवडुंगाच्या रीतीचाही आश्रय घेतो. घोळाला या दोन्ही गोष्टी येतात हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात १९८० च्या सुमारास आले. परंतु त्या पानाच्या निरनिराळ्या भागांत वेगवेगळ्या चालत असाव्यात, असा पुष्कळांचा समज होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली असे दाखवून दिले, की त्या एकाच पेशीत, एकमेकींत गुंतून चालतात. दुष्काळातही तग धरून भरभर वाढणारी पिके निर्माण करण्याच्या विचारात असलेल्या शास्त्रज्ञांना या तणाविषयी एवढे कुतूहल का वाटते, ते यावरून समजेल.

या साऱ्याची थोडीशी प्रचीती घेण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. जीभ पुरेशी आहे. कोरड्या दिवसांत, पाणी न मिळालेल्या घोळाचे एक पान पहाटे तोडावे आणि त्याच झाडाचे दुसरे पान संध्याकाळी तोडावे. दोन्ही धुऊन चाखली तर पहाटेचे पान अधिक आंबट लागते. रात्रभर साठलेले आम्ल त्यात असते. संध्याकाळपर्यंत ते खर्ची पडलेले असते. कच्च्या सफरचंदाला जो आंबटपणा येतो, तो याच आम्लामुळे.

घोळाची भाजी करणे तसे सोपे. वेळ जातो तो निवडण्यात. मूळ व जून दांडे काढून टाकावे लागतात. कोवळे दांडे मात्र ठेवावेत. त्यांतच खरी गोडी असते. झाड जमिनीला चिकटून वाढत असल्यामुळे पानांच्या बेचक्यांत माती अडकलेली असते. तेव्हा तीनचार पाण्यांनी धुतल्यावाचून ही भाजी चिरू नये. नाहीतर पहिल्याच घासाला दाताखाली खडा यावयाचा! कोणी तीत भिजविलेली मुगाची डाळ घालतात, कोणी हरभऱ्याची. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण व सुकी मिरची यांची फोडणी करून त्यावर भाजी टाकली, की ती स्वतःच्याच पाण्यात शिजते. टोपलीभर घोळ कढईत पडल्यावर पाहतापाहता वाटीभर होतो. म्हणून मीठ आधी घालू नये. भाजी आळल्यावर अंदाज घेऊन, आणि पाल्याच्या मूळच्या खारटपणाची आठवण ठेवून, हात आखडताच ठेवावा. सोबत ज्वारीची गरम भाकरी असावी.

दुसरा प्रकार ताकातल्या भाजीचा. ताकात थोडे डाळीचे पीठ कालवून ते शिजत्या घोळावर ओततात आणि मंद आचेवर ढवळीत राहतात. घोळ शिजल्यावर किंचित बुळबुळीत होतो. पाणी धरून ठेवण्यासाठी त्याच्या अंगी जो चिकट पदार्थ असतो त्याचा हा परिणाम. ताक व पीठ यांमुळे तो बुळबुळीतपणा जाणवत नाही. ताकाचा याहून मोठा गुण निराळाच आहे. घोळात ऑक्झॅलिक आम्ल नावाचे दुसरेही एक आम्ल असते. ते पालकात असते, अळूत असते, आणि घोळात तर बरेच असते. ते रक्तात फार गेले तर काही माणसांना मुतखडा होण्यास मदत करते. परंतु दूध, दही, ताक यांत चुन्याचा जो अंश असतो, ज्याला कॅल्शियम म्हणतात, तो या आम्लाला पोटातच बांधून टाकतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी घोळाची पाने दह्यात कालवून हे मोजून पाहिले आणि २००९ साली प्रसिद्ध केले. ताकातली भाजी ज्यांनी प्रथम केली त्यांना ऑक्झॅलिक आम्ल हे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी ती बहुधा चवीसाठीच केली असेल. असे असले तरी ज्यांना मुतखड्याचा विकार आहे त्यांनी घोळापासून दूर राहावे हे बरे, आणि इतरांनीही तो रोज न खाता अधूनमधून खावा.

तुर्कस्थानातही घोळाची कोवळी पाने दह्यात कालवून, वर लसूण घालून खातात. मेक्सिकोत तो हिरव्या आंबट रश्श्यात शिजवितात आणि तेथील बाजारात त्याच्या जुड्या कोथिंबिरीसारख्या मांडलेल्या असतात. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा एक विचारवंत होऊन गेला. माणसाला सुखाने जगण्यास किती थोडे पुरते हे पाहण्यासाठी तो १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला. त्या अनुभवांवर १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने आपल्या मक्याच्या शेतातून घोळ उपटून आणून, तो नुसता उकडून, मीठ लावून खाल्ल्याची हकीकत दिली आहे. आणि त्या एका भाजीवर आपले जेवण समाधानकारक झाले असे नमूद केले आहे. फोडणीची भाजी त्याच्या वाट्याला आली असती तर त्याने आणखी काय लिहिले असते कोण जाणे!

घोळाच्या पानात शंभरात नव्वदाहून अधिक भाग पाणीच असते. उरलेल्या थोड्या भागात जीवनसत्त्वे आहेत, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांसारखी खनिजे आहेत. १९८६ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले, की जवसात ज्या प्रकारचे उपयुक्त मेदाम्ल असते, तेच इतर पालेभाज्यांच्या मानाने घोळात पुष्कळ सापडते. ही गोष्ट खरी. परंतु तेवढ्यावरून हा पाला सर्व रोगांवरचा रामबाण उपाय आहे असे कोणी सांगू लागला तर त्याकडे कानाडोळा करावा. पानात मेद मुळातच अगदी थोडा असतो. घोळ ही एक चांगली, चवदार आणि फुकट मिळणारी भाजी आहे. तिला औषध ठरविण्याची गरज नाही.

फुकट मिळते म्हणून मात्र ती कोठूनही आणून चालत नाही. गटाराच्या काठी, रहदारीच्या रस्त्याच्या कडेला किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला घोळ कितीही टवटवीत दिसला तरी तो सोडून द्यावा. जमिनीतील शिसे वगैरे अपायकारक द्रव्ये तो आपल्या अंगात ओढून घेतो. ज्या शेतात किंवा हिरवळीवर तणनाशक फवारले असेल तेथील पाल्यालाही हात लावू नये. पूर्वी हा प्रश्न क्वचितच पडे. आता तो प्रत्येक ठिकाणी विचारावा लागतो. बागेतील म्हातारीसुद्धा पदर पसरण्यापूर्वी माळ्याला विचारते, "दादा, यावर औषध तर नाही ना मारलं?" माळी नाही म्हणाला तरच ती खाली बसते.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. "तण खाई धन" असे तो म्हणतो ते खोटे नाही. कांद्याच्या किंवा मेथीच्या वाफ्यात घोळ माजला तर तो पिकाचे पाणी पितो, खत खातो आणि कोवळ्या रोपांवर पसरून त्यांचा उजेड अडवितो. कांद्याची पात उभी व बारीक. तिला जमीन झाकता येत नाही, आणि घोळाला उघडी जमीन अतिशय आवडते. अशा वाफ्यात खुरपणी करणाऱ्या बायका दिवसभर घोळ उपटतात, आणि त्यांतील एखादी संध्याकाळी त्यातूनच पदरभर कोवळा पाला निवडून घरी नेते. एकाच दिवशी, एकाच हातांनी तो तण म्हणूनही उपटला जातो आणि भाजी म्हणूनही खुडला जातो. अलीकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरू लागले आहेत. तेथे घोळाच्या जुड्या नीट बांधून, नावाची चिठ्ठी लावून मांडलेल्या असतात आणि शहरातील माणसे त्या कौतुकाने विकत घेतात. परत जाताना ती आपल्या दारातल्या फरशीच्या फटीत उगवलेल्या घोळावर पाय देऊन घरात शिरत असतील, हेही अगदी संभवनीय आहे.

उपटलेला घोळ मरत नाही, हा शेतकऱ्याला येणारा सर्वांत त्रासदायक अनुभव. इतर तण उपटून उन्हात टाकले की दुपारपर्यंत सुकून जाते. घोळाच्या दांड्यात आणि पानांत पाण्याचा साठा असतो. त्या बळावर तो अनेक दिवस हिरवा राहतो. उपटल्यानंतरसुद्धा त्याची फळे पिकतात, करंड्यांची झाकणे निघतात आणि बी जमिनीवर सांडते. खुरप्याने तुकडे झाले तर ओल्या मातीत दांड्यांच्या पेऱ्यांना मुळे फुटतात आणि एका झाडाची चार झाडे होतात. म्हणून जाणता शेतकरी उपटलेला घोळ वाफ्यात किंवा बांधावर टाकीत नाही. फुले येण्यापूर्वीच तो उपटतो, टोपलीत भरतो आणि शेताबाहेर नेतो.

बागेतल्या माळ्याने तसे केलेले नसते. म्हातारी आपल्या वाटणीचा घोळ घेऊन गेल्यावर ढिगाच्या तळाशी काही झाडे राहून गेलेली असतात. त्या रात्री पाऊस येतो. आठवडा उलटल्यावर माळी पुन्हा खुरपे घेऊन त्या कोपऱ्यात येतो. बाकीचा ढीग कुजून काळा पडलेला असतो. पण त्याच्या कडेने तांबूस दांडे सरकत बाहेर आलेले असतात, आणि नऊ वाजण्याच्या उन्हात त्यांच्या शेंड्यांवर चारदोन पिवळी फुले उमललेली असतात. माळी खुरपे खाली ठेवतो, एक दांडा मोडतो आणि मोडलेल्या जागेकडे निरखून पाहतो. रस पाण्यासारखा स्वच्छ असतो.